घराचा कागद आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात नवी पेठ, सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

वर्धापन दिनाला धम्मप्रवचन होते, बाबासाहेबांच्या चळवळीवर व्याख्यान होते. यंदा आम्ही समितीकडे भाडेकराराचा विषय मागितला. तेव्हा एक काका म्हणाले, "विहारात हा कोर्टकचेरीचा विषय कशाला?" त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. पण घर हा विषय आपल्या चळवळीला परका नाही.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. त्या वेळी त्यांच्या हातात जागेचा कसलाही हक्क नव्हता. मुंबईत मात्र परळच्या बीआयटी चाळीत, एक नंबरच्या चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. ही चाळ कुणा सावकाराची नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली सरकारने मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन केला होता, त्या ट्रस्टची ही चाळ. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर बाबासाहेब एका सार्वजनिक संस्थेचे भाडेकरू होते. आज ज्यांची घरे नगरपालिकेच्या, महानगरपालिकेच्या किंवा सरकारी जागेत आहेत, त्यांचा आणि बाबासाहेबांचा हा धागा एकच आहे.

आता हा विषय आम्हीच का घेतला तेही सांगतो. सांगायला लाज वाटते, पण विहारात खोटे बोलायचे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका तरुण जोडप्याने परगावी एका सार्वजनिक संस्थेच्या चाळीतली खोली "विकत" घेतली. मूळ भाडेकरूने शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिले, नोटरीचा शिक्का बसला, पैसे रोख मोजले. साक्षीदार म्हणून आमच्यापैकी दोघांच्या सह्या होत्या. चहा झाला, पेढा खाल्ला. वरचा मजकूर आम्ही दोघांनीही वाचला नव्हता. "सही कर" म्हटले, केली. पुढे तपासणी झाली. खोली मूळ भाडेकरूच्या नावावर, त्याला ती विकण्याचा अधिकारच नाही, आणि राहणारे हे अनधिकृत. त्या जोडप्याची खोली गेली आणि त्या पोरीच्या अंगावरचे दागिने मोडून उभे केलेले पैसेही गेले. ती आम्हाला एवढेच म्हणाली, "दादा, तुम्ही शिकलेले होता की." या वाक्याला आमच्याकडे आजही उत्तर नाही. म्हणून आजचे हे बोलणे.

पहिली गोष्ट. कागद हातात आला की तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. माणसाची जात विचारायची नाही, पण कागदाची जरूर विचारायची. घराचे कागद ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

एक, मालकीचा. आपल्या सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार भगिनींसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली ती घरे दिली गेली. त्याच कुंभारीला रे नगरची ३० हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. ही घरे मालकीची. तिथल्या अटी वेगळ्या.

दोन, भाड्याचा. इथे घर दुसऱ्याचे, पण ठरलेले भाडे देऊन राहण्याचा हक्क आपला. या माणसाला भाडेकरू म्हणतात.

तीन, परवानगीचा. याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. इथे जागेत हक्क निर्माण होत नाही, ठराविक मुदतीपुरती राहण्याची नुसती परवानगी असते. मुदत संपली की परवानगी संपली. कागदावर "भाडेकरू" लिहिले आहे की "लायसन्सधारक" किंवा "अनुज्ञप्तीधारक", हा एक शब्द बघा. दोन्हीकडे महिन्याला पैसेच द्यायचे असतात, म्हणून आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. ते सारखे नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्या लोकांत एक समजूत पक्की बसली आहे की "इतकी वर्षं राहिलो, आता कोण काढतंय?" खासगी मालकाच्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडे देत राहणाऱ्याला मालक मनाला येईल तेव्हा काढू शकत नाही, पाणी-वीज तोडू शकत नाही, भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, असे त्यात आहे. पण याच कायद्याचे तिसरे कलम सांगते की सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही. स्थानिक संस्था म्हणजे नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शेजारच्या गल्लीत खासगी वाड्यात राहणाऱ्या काकांना जे कवच आहे, ते पालिकेच्या खोलीत राहणाऱ्या मावशींना नाही. त्यांच्या हातात आहे तो त्यांचा करार, वाटपपत्र आणि पालिकेचा कायदा. म्हणून ज्याचे घर सार्वजनिक संस्थेचे, त्याने कागद दुप्पट काळजीने वाचला पाहिजे. आज एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी आमचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.

आता कागदातले शब्द एकेक करून घेऊ.

नाव. कागदाच्या सुरुवातीला देणार आणि घेणार यांची नावे असतात. घेणार कोण? बहुतेक घरांत एकट्या पुरुषाचे नाव असते. कुटुंबातील व्यक्तींची यादी जोडली आहे का, त्यात बायकोचे, आईचे, मुलांचे नाव आहे का, ते बघा. घरातला कर्ता गेल्यावर "वारस नोंद" करावी लागते, म्हणजे त्या जागेच्या नोंदीत त्याच्या जागी घरच्या माणसाचे नाव लावून घ्यावे लागते. हे आपोआप होत नाही. आमच्याकडे एक आक्का कागद घेऊन आल्या होत्या. मालक जाऊन सहा वर्षे झाली, भाडे त्या मालकाच्याच नावाने भरत होत्या. त्यांना वाटले, पैसे घेतात म्हणजे सगळे ठीक. एक दिवस पत्र आले, त्यात त्यांना "अनधिकृत भोगवटादार" म्हटले होते. नवऱ्याच्या पाठीमागे चूल तीच, उंबरा तोच, आणि आक्का अनधिकृत! त्यांचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

मुदत आणि नूतनीकरण. करार किती महिन्यांचा, कोणत्या तारखेपासून, आणि संपल्यावर काय? "नूतनीकरण करता येईल" आणि "नूतनीकरण करण्यात येईल" या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे. पहिल्यात देणाऱ्याची मर्जी आहे, दुसऱ्यात त्याचे बंधन आहे. मुदत संपण्याच्या आधी अर्ज द्यायचा असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

भाडे, कर, अनामत. भाड्यात पाणीपट्टी, मालमत्ता कर, सफाईचा आकार धरला आहे की तो वेगळा, हे लिहिलेले असते. "थकबाकी" म्हणजे मुदतीत न भरलेली रक्कम. अनामत म्हणजे सुरुवातीला ठेवून घेतलेली, जागा सोडताना परत मिळायची रक्कम. ती कोणत्या कारणाने कापली जाईल ते वाचा. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यायची. कुणाच्या हातात पैसे दिले आणि "पावती नंतर देतो" म्हणाला, तर ते भाडे भरले असे समजू नका.

पोटभाडे आणि हस्तांतरण. आपण भाडेकरू असताना आपल्या खाली दुसरा भाडेकरू ठेवणे म्हणजे पोटभाडे. आपली जागा दुसऱ्याच्या नावाने करून देणे म्हणजे हस्तांतरण. सार्वजनिक संस्थेच्या करारात लेखी परवानगीशिवाय या दोन्हींना सहसा बंदी असते. गावाकडचा भाचा शिकायला येऊन राहिला, तो पाहुणा. त्याच्याकडून महिन्याला भाडे घेऊन खोली त्याच्या ताब्यात दिली, की ते पोटभाडे. आणि नोटरीचा कागद? नोटरी सही करणारा माणूस समोर होता एवढे सांगतो. जी वस्तू विकणाऱ्याची नाही, ती नोटरीच्या शिक्क्याने त्याची होत नाही. हे आम्ही ठेच खाऊन शिकलो.

वापर. करारात "केवळ निवासी वापरासाठी" असे असते. आता आपल्या सोलापुरात घराघरात बायका विड्या वळतात, शिलाई मशीनवर युनिफॉर्म शिवतात. कुणी ओट्यावर दोन बरण्या मांडून दुकान करतो. यातले काय चालेल आणि काय नाही, हे तुमच्या कराराच्या शब्दांवर ठरते. शंका असेल तर आधी लेखी विचारा. तोंडी "चालतंय की" म्हणणारा साहेब बदलून गेला की त्याचे शब्दही बदलून जातात.

दुरुस्ती. "अंतर्गत दुरुस्ती" भाडेकरूची आणि "रचनात्मक दुरुस्ती" देणाऱ्याची, अशी वाटणी बऱ्याच करारांत असते. रंग, नळाची तोटी, दाराची कडी ही आतली. छत, खांब, बाहेरची भिंत ही रचनेची. छत गळत असेल तर तोंडी तक्रार करू नका, लेखी करा. दुसरी बाजूही ऐका. आपण परवानगी न घेता भिंत फोडली, पोटमाळा चढवला, गॅलरी बंद केली, तर तो आपला शर्तभंग होतो. "वाजवी झीज" म्हणजे वापराने आपोआप होणारी घासघिस, तिची भरपाई सहसा मागत नाहीत.

शर्तभंग, नोटीस, निष्कासन. शर्तभंग म्हणजे अट मोडणे. निष्कासन म्हणजे जागेतून बाहेर काढणे. शब्द जड आहे, पण कागदावर दिसला की डोळे मिटू नका. आपल्याकडच्या महानगरपालिकांना जो कायदा लागू आहे, तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. पूर्वी त्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ म्हणत. त्याच्या कलम ८१-ब मध्ये आयुक्तांना पालिकेच्या जागेतून माणूस काढण्याचा अधिकार दिला आहे. कोणत्या कारणांनी? दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ भाडे किंवा कर थकला, अटीविरुद्ध पोटभाडेकरू ठेवला, जागेची नासधूस केली, कराराची दुसरी एखादी अट मोडली, जागेचा ताबा अनधिकृत आहे, किंवा सार्वजनिक हितासाठी पालिकेला जागा हवी आहे.

पण या कलमात आपल्यासाठीही काही आहे. आदेश काढण्यापूर्वी "कारणे दाखवा" नोटीस द्यावी लागते. त्यात काढण्याचे कारण लिहावे लागते आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आदेश झाल्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते, मात्र त्याची मुदत थोडी असते. नोटीस दारावर चिकटवली तरी ती बजावली असे धरले जाते. "मी घेतलीच नाही, फाडून टाकली" याने काहीही साधत नाही. कारणे दाखवा नोटीस म्हणजे घर गेले असे नव्हे. ती आपल्याला बोलायची वेळ दिली आहे असे समजायचे आणि तारखेच्या आत लेखी बोलायचे.

सेवा निवासस्थान. सफाई खात्यात किंवा दुसऱ्या खात्यात नोकरी म्हणून मिळालेले घर हे नोकरीला बांधलेले असते. नोकरी संपली की घराचा आधार संपतो. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात जागे होऊन उपयोग नाही. सफाई कामगारांना मालकीचे घर मिळावे म्हणून राज्य शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे. नोकरीत असतानाच आपल्या खात्याकडे तिची लेखी चौकशी करा.

खासगी घरात राहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि नोंदलेला करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मात्र लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता आक्कांचे काय झाले ते सांगतो. पत्र आले त्या दिवशी त्या रडत विहारात आल्या. पण त्यांनी एक काम फार चांगले केले होते. चुलीजवळच्या पत्र्याच्या पेटीत प्रत्येक पावती, विजेचे बिल, रेशनकार्ड, मालकाचा मृत्यूचा दाखला, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळे जपून ठेवले होते. आम्ही तारखेप्रमाणे लावले, उत्तर लिहिले, मुदतीच्या आत दिले, शिक्का घेतला. सुनावणीला आक्का स्वतः बोलल्या. पुढे त्यांचे नाव लागले. त्या जोडप्याकडे नोटरीचा कागद होता, आक्कांकडे पावत्यांची पेटी होती. फरक एवढाच होता, आणि तेवढ्या फरकाने एक घर गेले, एक राहिले.

तेव्हा आपण काय करायचे? करार हरवला असेल किंवा कधी हातात दिलाच नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली त्या कार्यालयाकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि वाटपपत्राची व कराराची प्रत मागा. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नोटीस आली असेल आणि वकिलाला पैसे नसतील, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, जातीचा दाखला सोबत न्या.

शेवटी शीलाची गोष्ट. आपण रोज पंचशील घेतो. न दिलेले घ्यायचे नाही, असे दुसरे शील आहे. खोटे बोलायचे नाही, असे चौथे. सार्वजनिक खोली पुढच्या गरजवंताच्या वाट्याची असते. आपले दुसरीकडे पक्के घर झाल्यावरही ती अडवून भाडे खायचे, खोटे प्रतिज्ञापत्र करायचे, याला आम्ही हुशारी म्हणणार नाही. हक्क मागताना मान ताठ ठेवायची असेल तर आपली बाजू स्वच्छ पाहिजे. आणि न वाचता साक्षीदार म्हणून सही करणे हेही एक प्रकारचे खोटे बोलणेच आहे, हे आम्ही स्वतःला बजावून सांगतो. भगवंतांनी कुणाच्या सांगण्यावर नव्हे, स्वतः पारखून स्वीकारायला शिकवले. ही शिकवण कागदालाही लागू आहे.

आमची समितीला एकच विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वंदनेनंतर एक तास विहारात कागद वाचायला बसावे. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वाचावे, मोठ्यांनी ऐकावे. सतरंजी विहाराची, चष्मा ज्याचा त्याचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी लाजू नये. आम्हाला अक्षर येत होते आणि तरी आम्ही वाचले नाही, त्यापेक्षा न येणारा बरा. अंगठा उठवण्याआधी त्यांनी एवढेच म्हणावे, "थांबा, आधी विहारात वाचून घेते."

आज घरी गेल्यावर एक काम करा. घराचा कागद बाहेर काढा. त्यावर नाव कुणाचे आहे ते बघा, मुदत कधी संपते ते बघा, शेवटची पावती कुठे आहे ते बघा. या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर पहिल्या रविवारी या. आम्ही इथेच असू.



नमो बुद्धाय. जयभीम.